‘डमी क्लिप लावा आणि निश्चिंत गाडी चालवा’: त्या फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

डॅशबोर्डवरच्या दिव्यांविषयी एक लांबलचक मेसेज सध्या एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरतोय. ‘कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा थाटात लिहिलेला. ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही त्यांच्यासाठी सारांश असा: सीटबेल्टचा लाल दिवा आणि त्याची टिंग-टिंग ही नुसती आठवण असते, गाडीच्या यंत्रणेशी तिचा काही संबंध नाही. आवाज नको असेल तर बकलमध्ये डमी क्लिप, म्हणजे पट्टा नसलेली नुसती धातूची जीभ, अडकवा. एअरबॅग आहे, मग बेल्टची चिंता कशाला? एअरबॅगचा दिवा लागून राहिला तरी गाडी नीट पळते, तेव्हा दुर्लक्ष करा. फारच खुपत असेल तर दहा मिनिटं बॅटरीची वायर काढून ठेवा. आणि मागच्या सीटवर बेल्ट लावायची गरज नसते.

मेसेज लिहिणाऱ्याला गाड्यांतलं थोडंफार कळतं, आणि घोळ तिथेच आहे. पूर्ण थाप असती तर कुणी पुढे पाठवली नसती.

‘बेल्टचा दिवा म्हणजे नुसती आठवण, यंत्रणेशी संबंध नाही.’

आडवा पट्टा लावून बसलेल्या माणसाचं लाल चित्र हा बेल्टचा दिवा. बसलेल्या माणसाच्या छातीसमोर गोळा दिसतो तो एअरबॅगचा. काही गाड्यांत त्याजागी ‘एसआरएस’ ही अक्षरं येतात. दिवे दोन असले तरी त्यांच्यामागची माहिती बरीचशी एकाच ठिकाणी जमा होते.

बकलच्या पोटात एक छोटा स्विच किंवा चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. पट्ट्याची धातूची जीभ आत जाऊन खट् आवाज आला की तो ‘लागला’ अशी खबर देतो. ही खबर दिव्यापाशी थांबली असती तर मेसेजमधलं म्हणणं खरं ठरलं असतं. पण बऱ्याच गाड्यांत तीच खबर एअरबॅगच्या कंट्रोल युनिटकडेही जाते. धडक झाली की बॅग उघडायची की नाही हे ठरवताना हे युनिट त्या बॅगसमोर बसलेल्या माणसाने बेल्ट लावलाय का, हे विचारात घेतं. आयआयएचएस ही अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी सुरक्षा संस्था. तिच्या माहितीप्रमाणे बेल्ट न लावलेल्या माणसासाठी पुढची एअरबॅग साधारणपणे ताशी 16 ते 19 किलोमीटरने भक्कम भिंतीवर आदळण्याइतक्या धडकेला उघडते. बेल्ट लावलेला असेल तर बहुतेक गाड्यांत हीच मर्यादा ताशी 26 किलोमीटरच्या आसपास जाते, कारण त्याखालच्या धडकेत बेल्ट एकटा पुरतो आणि बॅगचा तडाखा विनाकारण सोसायला लागत नाही.

आता या दोन आकड्यांच्या मध्ये डमी क्लिप ठेवून बघा. धडक ताशी 22 किलोमीटरच्या जोराची आहे. क्लिपमुळे युनिटची समजूत अशी की माणूस बांधलेला आहे, म्हणून ते बॅग उघडत नाही. माणूस बांधलेला नाहीच. ज्या एअरबॅगच्या भरवशावर बेल्ट सोडला, तिलाच आपण खोटी माहिती देऊन गप्प बसवलं. बेल्ट आधी बकलमध्ये अडकवून त्यावर पाठ टेकून बसणारे असतात, त्यांचीही गत हीच.

टिंग-टिंग वैताग आणते हे मात्र कबूल. सीटवर जड बॅग ठेवली की सीटच्या आतल्या वजनाच्या सेन्सरला माणूस बसल्यासारखं वाटतं आणि गाडी रिकाम्या सीटसाठी ओरडत राहते. त्यावर उपाय साधा आहे: बॅग खाली ठेवा, नाहीतर तिलाच बेल्ट लावा. वैताग जुनाच म्हणा. 1974 च्या अमेरिकी गाड्यांत पुढचे बेल्ट लावल्याशिवाय इंजिनच सुरू होत नसे. लोक इतके खवळले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून ती सक्ती काढली आणि आठ सेकंदांपेक्षा लांब बझर लावायला लावण्याचा सरकारचा अधिकारही काढून घेतला. पण आवाजाचा उपयोग होतो का? युरोपातल्या अनेक शहरांत चालकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. चांगली आठवण देणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत 97.5 टक्के चालकांनी बेल्ट लावला होता, ती नसलेल्या गाड्यांत 85.8 टक्के.

‘एअरबॅग आहे, मग बेल्ट कशाला?’

ही समजूत आकाशातून पडलेली नाही. 1974 ते 1976 या काळात जनरल मोटर्सने काही मोठ्या गाड्यांत एअरबॅग दिली तेव्हा पुढच्या सीटना खांद्यावरचा पट्टा दिलाच नव्हता, फक्त कमरेचा होता. बॅगच काम भागवेल अशी तेव्हा कल्पना होती. ती टिकली नाही. 1981 मध्ये मर्सिडीज-बेन्झने एस-क्लासमध्ये एअरबॅग आणली ती चालकासाठी, आणि तिच्यासोबतच शेजारच्या सीटला धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा टेन्शनर दिला. तेव्हापासून बॅग आणि बेल्ट हे एकाच यंत्रणेचे भाग म्हणून विकसित होत गेले. ‘एसआरएस’ मधला पहिला एस ‘पूरक’ या अर्थाचा आहे, आणि पूरक आहे ती बॅग.

पूरक का, ते वेळेच्या हिशेबात कळतं. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी थांबली तरी आतल्या माणसाचा वेग तेवढाच राहतो. दहा मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीला टेकताना जो वेग असतो, तो हा. बॅग साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते आणि लगेच छिद्रांतून हवा सोडत मऊ पडायला लागते. माणसाने तिच्यावर टेकायचं ते या मऊ पडण्याच्या काळात. बेल्ट नसलेला माणूस धडकेच्या आधी ब्रेक दाबला तेव्हाच पुढे सरकलेला असतो. बॅग फुगत असतानाच तो तिच्यावर आदळू शकतो आणि तिचाच तडाखा त्याला बसतो. स्टिअरिंगपासून छाती किमान 25 सेंटिमीटर लांब ठेवा असं सांगतात ते याचसाठी. शिवाय बहुतेक पुढच्या बॅगा एकदाच उघडतात. गाडी उलटली किंवा दुसरी धडक बसली तर सीटवर धरून ठेवणारा बेल्टच असतो.

अमेरिकी सरकारच्या एनएचटीएसए या खात्याच्या अंदाजाने मोटारीत पुढच्या सीटवर तीन-बिंदू, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा, बेल्ट लावल्यास मृत्यूचा धोका 45 टक्क्यांनी घटतो. बेल्टशिवाय नुसत्या पुढच्या एअरबॅगने तो 14 टक्क्यांनी घटतो.

‘एअरबॅगचा दिवा लागला तरी गाडी पळतेच, दुर्लक्ष करा.’

पळते, यात वादच नाही. एअरबॅगचं इंजिनाशी काही देणंघेणं नसतं.

चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्यात कंट्रोल युनिट आपल्या सगळ्या वायरी तपासून घेतं. प्रत्येक बॅगेच्या आत एक बारीक प्रज्वलक, म्हणजे बॅग फुगवण्यासाठी ठिणगी देणारा भाग, असतो, त्याचा विजेला होणारा रोध साधारण दोन ओहमच्या आसपास. तो ठरलेल्या मर्यादेत आहे का, धडकेचे सेन्सर उत्तर देतात का, बकलचा स्विच जिवंत आहे का, स्टिअरिंगमधली गुंडाळलेली पट्टीसारखी वायर तुटली नाही ना, हे सगळं त्यात येतं. आणि ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही तो प्रीटेन्शनरही येतो.

प्रीटेन्शनर बेल्टचा भाग आहे, पण तो एअरबॅगच्या दिव्याखाली येतो. धडक ओळखताच त्यातलं छोटं स्फोटक पेटतं आणि वायूच्या दाबाने पट्ट्यातली ढील काही मिलिसेकंदांत ओढून घेतली जाते. त्याच्या जोडीला लोड लिमिटर असतो. पट्ट्यावरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो पट्टा थोडा सोडतो, म्हणजे फासळ्यांवर जादा भार येत नाही. छातीसमोर गोळा दाखवणारा दिवा पेटून राहिला असेल, तर बिघाड बॅगेत असेल किंवा तुम्ही लावलेल्या बेल्टमध्येही. गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये म्हणूनच लिहिलेलं असतं की हा दिवा असताना धडकेत एअरबॅग आणि प्रीटेन्शनर दोन्ही चालतीलच असं नाही.

पुष्कळदा कारण फुटकळ निघतं. पुढच्या सीटखाली टॉर्च घेऊन वाकून बघितलं तर पिवळे प्लग दिसतात. बहुतेक कंपन्या या यंत्रणेचे प्लग पिवळे ठेवतात, मेकॅनिकने चुकून हात घालू नये म्हणून. सीट पुढेमागे करताना, तिच्याखाली छत्री किंवा बाटली कोंबताना हा प्लग हलतो, दिवा लागतो. बॅटरी फार उतरली असताना जंप स्टार्ट दिला तरी काही गाड्यांत लागतो. पण कारण फुटकळ आहे की गंभीर हे दिव्याकडे बघून ठरत नाही, बिघाडाची नोंद वाचणारा स्कॅनर लावल्यावर ठरतं. आणि त्या पिवळ्या प्लगमध्ये वायरी तपासायचा साधा मल्टिमीटर खुपसायचा नाही. मीटरच्या तपासणीच्या करंटनेही प्रज्वलक पेटू शकतो.

किरकोळ अपघातानंतर दिवा राहिला तर बेल्ट आधी बघा. कधीकधी बॅगा उघडत नाहीत पण प्रीटेन्शनर सुटलेला असतो. तो एकदाच वापरायचा भाग आहे, बदलावाच लागतो.

उलटी भीतीही काहींना असते, की दिवा लागला म्हणजे बॅग आता तोंडावर उघडणार. सहसा तसं नसतं. बिघाड सापडल्यावर युनिट तो भाग किंवा सगळी यंत्रणाच बंद ठेवतं, म्हणजे वेळ आल्यावर ती न उघडण्याचीच शक्यता जास्त. ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ हा दिवा वेगळा. शेजारची सीट रिकामी असताना तो लागणं बऱ्याच गाड्यांत अपेक्षितच असतं.

‘बॅटरीची वायर काढली की दिवा जातो.’

या युनिटमधली बिघाडाची नोंद वीज गेली तरी पुसली न जाणाऱ्या मेमरीत असते. समजा गेला दिवा, तरी पुढच्या तपासणीत तोच दोष सापडला की तो परत येतो. मेसेजमधली दहा मिनिटं बहुधा दुसऱ्या सूचनेतून उचललेली आहेत: धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून युनिटमध्ये विजेचा साठा करणारे कपॅसिटर असतात, म्हणून वर्कशॉपच्या मॅन्युअलमध्ये बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबूनच एअरबॅगला हात लावा असं सांगितलेलं असतं. ती सूचना मेकॅनिकच्या जिवासाठी आहे.

दिवा घालवायच्या याहून वाईट युक्त्याही आहेत. उघडलेल्या बॅगेच्या जागी प्रज्वलकाइतकाच रोध असलेला दोन ओहमचा रेझिस्टर जोडून युनिटला फसवतात. बल्ब काढतात. किंवा एअरबॅगच्या दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. जुनी गाडी घेताना चावी फिरवून फक्त हा दिवा बघा. तो लागायला हवा, आणि स्वतःच्या वेळेने विझायला हवा. लागलाच नाही, किंवा दर वेळी बॅटरीच्या अथवा ऑइलच्या दिव्यासोबत त्याच क्षणी गेला, तर स्कॅनर लावल्याशिवाय व्यवहार करू नका. रेझिस्टरची चलाखी मात्र दिव्यावर दिसत नाही. तिथे पॅनल उघडून बघणारा जाणकारच लागतो.

‘मागच्या सीटवर बेल्टची गरज नसते.’

धडकेत मागचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, आणि ती पाठ बेल्ट लावून बसलेल्या माणसाला पुढे ढकलते. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागे बसलेल्याने बेल्ट लावला नसेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात आढळलं.

मागच्या सीटचा दिवाही नीट समजून घ्यायला हवा, कारण तो पुढच्यासारखा वागत नाही. बऱ्याच गाड्यांत मागे वजनाचे सेन्सर नसतात, त्यामुळे कोण बसलंय हे गाडीला ठाऊकच नसतं. सुरुवातीला ती कोणत्या जागेचा बेल्ट लागलाय एवढं चित्र काही वेळ दाखवते, आणि धावत असताना लागलेला बेल्ट कुणी सोडला तरच ओरडते. ज्याने मुळातच लावला नाही त्याच्यासाठी ती गप्प राहू शकते. म्हणून निघताना चित्रातले लागलेले बेल्ट आणि मागे बसलेली माणसं चालकानेच मोजायची.