चॉलीला माफी कुणी दिली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार.

प्रतिक्रिया रात्रीच वाचली, पण चिडून लिहायला नको म्हणून सकाळपर्यंत थांबले. अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (1970) या कादंबरीवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. तिकडच्या वंशभेदाला मी जातीचं लेबल चिकटवलं. पोटच्या पोरीवर अत्याचार करणाऱ्या चॉलीचं पाप त्याच्या बालपणावर ढकललं. आणि तिसरा, अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' कादंबरीच्या नायकाबद्दल, 'आमच्या वाळवा तालुक्यातला फकिरा कधी बालपणाचं तुणतुणं वाजवत बसला का?'

पहिला बिनशर्त मान्य. 'वंश म्हणजे तिकडची जातच' हे वाक्य घाईत लिहिलं गेलं. साताऱ्यात राहून मला मसूर स्टेशन आठवायला हवं होतं. 1901 साली लहानगे आंबेडकर भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. अंगात नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची पोरं वाटली. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. मग दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही बैल पोरांनीच हाकायचे या अटीवर. म्हणजे जात विचारावी लागली, आणि कळल्यावर चांगल्या कपड्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. चॉलीच्या मुलीला, पिकोलाला, कुणी काही विचारत नाही, तिचा काळा रंग समोरच दिसतो. ती तीन पेन्यांच्या गोळ्या घ्यायला जाते, तर तिच्या तळहातावरची नाणी उचलतानाही दुकानदार कचरतो. ते वाक्य मी लेखातून काढलंय.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. कादंबरी उघडल्या उघडल्याच आपल्याला कळतं की 1941 साली झेंडू उगवला नाही आणि पिकोलाला बापापासून दिवस गेले होते. चॉली चार दिवसांचा असताना आईनं त्याला रुळांकडेच्या कचऱ्यावर टाकलं, हे येतं फार उशिरा. माफीच द्यायची असती तर क्रम उलटा असता, आधी रडवायचं आणि मग गुन्हा सांगायचा. वकील तसंच करतात. आणि पोरवयात गोरे शिकारी त्याची विटंबना करतात, तेव्हा चॉलीचा राग त्यांच्यावर निघतच नाही, सोबतच्या मुलीवर निघतो. लेखिकेनं हे झाकलेलं नाही.

बालपण फक्त सोसणाऱ्याचंच असतं, असं तुम्ही का धरून चालता? त्याच कादंबरीत जेराल्डीन आहे, काळीच, पण रंगानं जरा उजळ, घर चकचकीत. आपण वेगळे आणि 'ती' माणसं वेगळी, हे ती मुलाला लहानपणीच शिकवते. पुढे तोच मुलगा पिकोलाला फसवून घरात आणतो आणि तिच्या तोंडावर मांजर फेकतो.

माझंच सांगते. कराडजवळच्या आमच्या गावी भांगलणीच्या बायकांसाठी गोठ्याच्या देवळीत कान तुटलेला एक कप असायचा. तो आणून द्यायचं काम माझं. आजी चहा वरून ओतायची, कपाला किटली लागू न देता. मला कधी कुणी 'असं कर' म्हणून सांगितलं नाही, मी नुसती बघत होते. मागच्या वर्षी इथे घरी नळ दुरुस्त करायला माणूस आला. चहा टाकला आणि माझा हात मांडणीवरचे सहा कप ओलांडून मागच्या टवका उडालेल्या कपाकडे गेला. एमए मराठी, वर वंशभेदावर लेख लिहिणारी बाई! तो कप मी परत ठेवला, पण हात गेला तो गेलाच. याचा दोष आजीवर टाकू का? नाही टाकत. पण तो कप देवळीत होता हेही खोटं नाही.

राहिला फकिरा. तो रडत नाही हे खरं. पण सर, अण्णाभाऊंची कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून काढा. ती फकिरापासून सुरू होत नाही, त्याच्या बापापासून होते. राणोजी गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी आणायला निघतो आणि मारला जातो, तेव्हा फकिरा पोरगाच असतो.