आर्किमिडीजने आरशांनी जहाजं जाळली नाहीत

आर्किमिडीजने सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराच्या तटावर मोठमोठे आरसे उभे केले, सूर्याचे किरण एकवटले आणि रोमन आरमार जाळून टाकलं, ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असणारच. यूट्यूबवर तिचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि दर काही महिन्यांनी ती नव्याने फिरते. माझं मत सरळ आहे : हे शस्त्र कधीच नव्हतं. मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. या आरशांच्या झगमगाटात आर्किमिडीजने तिथे प्रत्यक्ष जे करून दाखवलं, ते कुणाला माहीतच होत नाही.

रोम आणि कार्थेजमधलं दुसरं प्युनिक युद्ध चालू होतं, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता. सिराक्यूजने रोमची साथ सोडली आणि कार्थेजचा हात धरला. मग इ.स.पू. 213 च्या सुमारास मार्सेलस हा रोमन सेनापती 60 युद्धनौका घेऊन समुद्राच्या बाजूने शहरावर चालून आला. या वेढ्याचं आपल्या हाती असलेलं सगळ्यात जुनं वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराचं. तो वेढ्यानंतर काही वर्षांतच जन्मला, म्हणजे वेढा पाहिलेली माणसं त्याच्या काळात हयात असणार. स्वतः घोडदळाचा अधिकारी होता आणि युद्धयंत्रांत त्याला मनापासून रस होता. तटाला आतून बाण सोडण्यासाठी पाडलेली छिद्रं किती उंचीवर होती, बाहेरच्या बाजूने किती रुंद होती, इतकं बारीक तो लिहितो. पण आरशांबद्दल एक अक्षर नाही.

कुणी म्हणेल, पॉलिबियसचा हा भाग उताऱ्यांच्या रूपातच उरलाय, आरशांचा मजकूर गहाळ झाला असेल. शंका रास्त आहे. पण रोमन इतिहासकार लिव्ही आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क या दोघांनी नंतर याच वेढ्याबद्दल सविस्तर लिहिलंय, आणि त्यांच्याही लेखनात आरसे नाहीत. प्लुटार्कला तर आर्किमिडीजचं केवढं कौतुक! तटावरून नुसता दोर किंवा लाकडाचा तुकडा बाहेर डोकावला तरी ‘आला आर्किमिडीज!’ करत रोमन सैनिक पळायचे, हे तोच सांगतो. हाती आलेलं जळतं आरमार असा माणूस सोडून देईल?

मला सगळ्यात बोलका वाटतो तो एक छोटा तपशील. लांबून येताना दगडांचा आणि बाणांचा मारा सोसवेना, तेव्हा मार्सेलसने रात्रीच्या अंधारात गुपचूप जहाजं तटाखाली आणली. पल्ल्याच्या आत शिरलो की यंत्रं निरुपयोगी होतील, असा त्याचा हिशेब. आर्किमिडीजने कमी पल्ल्याची यंत्रं आधीच तयार ठेवली होती, त्यामुळे तिथेही मार खाल्ला तो खाल्लाच. आता विचार करा. सूर्यप्रकाशाने जहाजं जळत असती, तर रात्री येण्याचं पहिलं कारण तेच असतं. आणि एकदा हे कळल्यावर रोमनांनी दिवसा हल्ला केलाच नसता. पण त्यांना भीती होती ती पल्ल्याची. उन्हाची गोष्टच कुठे निघत नाही.

मग आरसे आले कुठून? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लेखक ल्यूशन आणि वैद्य गेलेन जहाजं पेटवल्याचा ओझरता उल्लेख करतात, पण आरशांचं वर्णन त्यांच्याकडे नाही. आरसे ठळकपणे दिसतात ते थेट सहाव्या शतकात, अँथेमियसच्या लेखनात. म्हणजे घटनेनंतर सातशेहून जास्त वर्षांनी. हा अँथेमियस साधासुधा माणूस नव्हे, कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या दोन रचनाकारांपैकी एक. त्याने हिशेब केला आणि त्याला दिसलं, की एकच अंतर्वक्र आरसा घेतला तर इतक्या लांब किरण एकवटायला तो अवाढव्य लागेल. पण आर्किमिडीजने जहाजं जाळली हे सगळेच म्हणतात, तेव्हा काहीतरी मार्ग असणारच, असं धरून त्याने अनेक सपाट षटकोनी आरशांची जुळणी सुचवली. गोष्ट आधी पक्की झाली, यंत्र तिच्या मापाने नंतर शिवलं गेलं. बाराव्या शतकात त्सेत्सेस आणि झोनारास या बायझंटाईन लेखकांनी हीच कथा आणखी रंगवली, आणि आपल्यापर्यंत आली ती हीच.

‘पण प्रयोग यशस्वी झालेत ना!’ हा हमखास येणारा प्रश्न. झालेत. 1747 मध्ये ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये 168 सपाट आरसे जुळवून दीडशे फुटांवरचं लाकूड पेटवलं. 1973 मध्ये इओआनिस साकास या ग्रीक अभियंत्याने अथेन्सजवळ सुमारे 70 आरशांनी प्लायवूडची नाव पेटवली, मात्र तिला डांबर फासलेलं होतं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एकेक फुटाचे 127 आरसे घेऊन शंभर फुटांवरच्या लाकडी नमुन्याला आग लावली. ढग आले की काम थांबायचं, आणि नमुना जागचा हलत नव्हता. पुढे पाण्यावरच्या खऱ्या बोटीवर तोच प्रयोग केला, तेव्हा अंतर निम्म्यावर आणल्यावर जेमतेम छोटीशी ज्योत दिसली. एवढ्यावरून सिद्ध काय झालं? आरशांनी लाकूड पेटू शकतं, इतकंच. इ.स.पू. 213 मध्ये तसं घडलं, हे त्यातून निघत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

विश्वास बसत नसेल तर एक छोटा आरसा घेऊन गच्चीवर जा आणि समोरच्या इमारतीच्या सावलीतल्या भिंतीवर कवडसा पाडा. आरसा चौकोनी असला तरी लांबवर कवडसा गोल पडतो, कारण तो खरं तर सूर्याचं चित्र असतो. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून तीस मीटरवर कवडसा किमान पाऊण-एक फूट पसरतो. अंतर दुप्पट केलं की क्षेत्रफळ जवळपास चौपट आणि उष्णता त्या मानाने पातळ. आता हात स्थिर ठेवून बघा. मनगट किंचित हललं तरी कवडसा खिडकीवरून गॅलरीत उडी मारतो. अशी शंभर माणसं तटावर उभी करा, त्यांना लाटांवर डोलणाऱ्या, सरकणाऱ्या ओल्या जहाजाचा एकच ठिपका धरायला सांगा, आणि या गर्दीत आपला कवडसा कुठला ते प्रत्येकाने ओळखायचं! त्यात सिराक्यूजचा समुद्र पूर्वेला, म्हणजे जहाजांवर कवडसा पाडायला ऊन मिळणार ते मुख्यतः सकाळचं.

शिर्डीच्या प्रसादालयाच्या छपरावर 2009 मध्ये बसवलेल्या 73 सौर तबकड्या मला इथे आठवतात. एकेक 16 चौरस मीटरची, वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक करण्यासाठी. तिथे उष्णता घेणारा भाग जागचा हलत नाही आणि तबकडीपासून अगदी जवळ असतो, तरीसुद्धा ती सूर्यामागे सतत फिरवत ठेवावी लागते. आरशांचं तंत्र खरंच आहे, पण त्याला लागते ती स्थिरता आणि सवड. युद्धात दोन्ही नसतात.

आणि हे तंत्र ग्रीकांना माहीत होतं, यातही शंका नाही. अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा, आरसा किरण एका बिंदूत आणतो याची सिद्धता डायोक्लिस या ग्रीक गणितीने साधारण त्याच काळात लिहिली, आणि असा आरसा बनवणाऱ्या डोसिथियसचं नावही तो देतो. हा तोच डोसिथियस, ज्याला आर्किमिडीज आपले ग्रंथ लिहून पाठवायचा. दंतकथेला बीज मिळालं असेल तर ते इथे.

आता खरं शस्त्र. तटामागून लांब तुळया समुद्रावर झुकायच्या. काहींतून दहा टॅलेंट, म्हणजे अडीचशे किलोंच्या आसपासचे दगड तटावर चढायला शिड्या बसवलेल्या जहाजांवर पडायचे. काहींतून साखळीला बांधलेला लोखंडी पंजा उतरायचा, जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पकडायचा, आत तुळईचं मागचं टोक खाली दाबलं जायचं आणि जहाज पुढून उचललं जाऊन शेपटावर उभं राहायचं. मग साखळी एकदम सोडायची. कुठलं आडवं पडे, कुठलं उलटे, कुठल्यात पाणी भरे. आर्किमिडीज माझ्या जहाजांनी समुद्राचं पाणी आपल्या प्याल्यांत ओततोय, असं खुद्द मार्सेलस म्हणाल्याचं पॉलिबियस सांगतो. शेवटी रोमनांनी चढाई सोडली आणि शहराची रसद तोडून बसले. इ.स.पू. 212 मध्ये आर्टेमिस देवीच्या उत्सवात पहारा ढिला पडला, तेव्हा रात्री शिड्या लावून ते तटावर चढले.

इंजिनिअरिंगची मुलं ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी हा पंजा प्रोजेक्टला घ्यावा. तुळई किती लांब, टेकू कुठे, मागे वजन किती, नाळ किती उचलली की जहाज स्वतःच्याच भाराने उलटतं, हे सगळं गणिताने सोडवता येतं. कुणी घेतलं तर मला जरूर कळवा, पॉलिबियसचा तो भाग मी मराठीत करून देईन.