मॅच कुठं लागलीय?

अमेरिकेत फुटबॉल बघायला काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव वकिलाचं घेतो. टीव्ही, इंटरनेट, सोफा वगैरे नंतर. कारण इथे मॅच टीव्हीवर नसतेच, ती करारात असते. कुठल्या स्पर्धेची, कुठल्या भाषेतली, कितव्या फेरीपर्यंतची आणि किती सालापर्यंतची, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याला किकऑफ दिसतो. बाकीच्यांना पासवर्ड मागणारी चौकट दिसते.

आता हेच बघा. चॅम्पियन्स लीग पॅरामाउंट प्लसवर. प्रीमियर लीग एनबीसी आणि पीकॉकवर. ला लिगा ईएसपीएनवर, इथली स्वतःची मेजर लीग सॉकर ॲपलवर. हे झालं क्लबांचं, रोजच्या मीठभाकरीचं. देशांच्या स्पर्धा म्हणजे सणवार, आणि सणाला तर दर वेळी यजमान बदलतो. युरो २०२० ईएसपीएनने दाखवली, पुढची युरो फॉक्सकडे गेली. दक्षिण अमेरिकेतल्या देशांची कोपा अमेरिका २०१९ मध्ये ईएसपीएन प्लसवर होती, २०२१ मध्ये फॉक्सवर. अमेरिकेचाच राष्ट्रीय संघ घ्या. तेच अकरा जण, तीच जर्सी. गोल्ड कप खेळत असतील तर फॉक्स लावायचं, नेशन्स लीग असेल तर पॅरामाउंट प्लस, आणि २०२३ पासून घरच्या मैदानावर मैत्रीपूर्ण सामना असेल तर टर्नरची चॅनलं. मैत्रीसुद्धा वेगळी वर्गणी भरून बघायची! महिलांचे २०२७ आणि २०३१ चे वर्ल्ड कप तर नेटफ्लिक्सने घेतलेत.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे सगळं मला जरा जास्तच लागतं. उरलेल्या महाराष्ट्राला खेळ म्हटलं की क्रिकेट आठवतं. आमच्याकडे पेठांच्या तालमी शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि लोक तिकीट काढून बघतात. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की त्या दिवशी पेठेत पाहुण्याने येऊ नये, चहा मिळत नाही. वर्ल्ड कप आला की मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे कटआउट चौकाचौकांत उभे राहतात आणि दूध आणायला गेलेला माणूस अर्जेंटिनाच्या बचावफळीवर बोलूनच घरी येतो. आमचे अण्णा या परंपरेतले. आयुष्यभर बँकेत नोकरी केली ती शनिवार-रविवारच्या सामन्यांच्या मधल्या वेळात. २०२२ चा वर्ल्ड कप त्यांनी जिओसिनेमावर फुकट बघितला. पहिल्या दिवशी चित्र अडकत होतं तेव्हा फुकटात आहे हे विसरून त्यांनी जो उद्धार केला, तो मी फोनवर ऐकलाय.

हे अण्णा २०२४ च्या जूनमध्ये आमच्याकडे जर्सी सिटीत आले. नातवाला बघायला आले, असं अधिकृत कारण होतं. पण जर्मनीत युरो १४ जूनला सुरू, अमेरिकेतच कोपा २० जूनला सुरू, दोन्हींची फायनल एकाच दिवशी, १४ जुलैला, आणि अण्णांचं परतीचं विमान त्या नंतरच्या गुरुवारी. योगायोग एवढा नेमका नसतो. कोपाचे काही सामने तर आमच्या घरापासून पाऊण तासावरच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये होते. तिकिटांचे दर बघून मी लॅपटॉप मिटला आणि अण्णांना म्हणालो, “टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं.”

“मग लाव की.”

इथून खरी गंमत.

घरी केबल नव्हती. इंटरनेटवरच्या चार-पाच वर्गण्या होत्या आणि त्यातल्या एकीतही युरो नव्हती, कोपाही नव्हती. दोन्ही स्पर्धा इंग्रजीत फॉक्सच्या होत्या. फॉक्सचं ॲप उतरवून घेतलं. त्याने नम्रपणे विचारलं, तुमचा टीव्ही प्रोव्हायडर निवडा. खाली केबलवाल्यांची लांबलचक यादी. म्हणजे हे ॲप बघायला आधी केबल घ्यायची. आणि केबल असेल तर ॲप कशाला? हा प्रश्न मी अण्णांना विचारू दिला नाही. (फॉक्सला तो पुढच्या वर्षी सुचला असावा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी केबलशिवाय चालणारं फॉक्स वन काढलं. तेव्हा अण्णा कोल्हापुरात पोचून वर्ष झालं होतं.)

मग एका केबल कंपनीला फोन लावला. बाईंचा आवाज मधाळ.

“मला दोन चॅनलं हवीत. फॉक्स आणि त्यांचं खेळांचं एफएस वन. एक महिना.”

“नक्कीच! आपल्याला फॅमिली पॅकेज आवडेल.”

“फॅमिलीला फुटबॉल नको आहे. मला आणि वडिलांना हवाय.”

“पॅकेजबरोबर लँडलाइन फोनही घेतलात तर बिल कमी होईल.”

मी स्पीकर लावला होता. अण्णांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी पैशांचं इंग्रजी त्यांना चांगलं कळतं, बँकेतले ते. “फोन घेतला की बिल कमी?” त्यांनी विचारलं. “मग दोन फोन घेतलं तर ती आपल्यालाच पैसं देणार काय?”

बाईंनी दर सांगितला. ठीक होता. पण बिलाचा नमुना ईमेलवर आला तेव्हा त्या दराखाली आणखी दोन ओळी होत्या: रीजनल स्पोर्ट्स फी आणि ब्रॉडकास्ट टीव्ही फी. पहिली म्हणजे न्यूयॉर्कातले जे बेसबॉल-हॉकीचे संघ मी जन्मात बघणार नाही, त्यांच्या चॅनलांसाठी. दुसरी जास्त मासलेवाईक. फॉक्स, एनबीसी, युनिव्हिजन वगैरे मोठी चॅनलं इथे हवेतून फुकट प्रसारित होतात. पण १९९२ च्या केबल कायद्याने त्या स्टेशनांना एक मुभा दिली: केबलवाला आमचं चॅनल उचलून विकत असेल तर आम्ही त्याच्याकडून मोबदला मागू. केबलवाला तो देतो आणि पूर्ण पारदर्शकपणे तुमच्या बिलात चढवतो. दोघांचं भांडण झालं की चॅनल गायब होतं आणि खाली पट्टी धावते, की तुमचं आवडतं चॅनल वाचवण्यासाठी अमुक नंबरवर फोन करा. भांडण त्यांचं, फोन आपण करायचा. आणि या भांडणांना मुहूर्त नेमका मोठ्या मॅचच्या आदल्या आठवड्यातलाच सापडतो.

मी हे सगळं अण्णांना उत्साहाने समजावलं. मला वाटलं, कायद्याचा बारकावा ऐकून ते खूश होतील. त्यांनी फक्त एक विचारलं, “हवेत फुकट हाय म्हणतोस?”

“हो, पण...”

“अँटेना कुटं मिळतो?”

मी अठरा वर्षं या देशात, सॉफ्टवेअरवर पोट भरतो, आणि मॅराडोनाच्या काळात गच्चीवर चढून अँटेना फिरवलेल्या माणसाने माझा प्रश्न तीन शब्दांत निकालात काढला होता.

अँटेना म्हणजे आता पूर्वीसारखा माशाचा काटा राहिलेला नाही. कागदासारखा पातळ चौकोन असतो, खिडकीला चिकटवायचा, वायर टीव्हीच्या पाठीत खोचायची. तीसेक डॉलरला आला. आमची खिडकी हडसन नदीकडे तोंड करून, पलीकडे मॅनहॅटनच्या उंच इमारती, सगळे ट्रान्समीटर तिकडेच. अण्णा स्टुलावर चढले. मी रिमोट घेऊन टीव्हीसमोर. आणि मराठी घराघरांत जो संवाद केबलबरोबर संपला होता तो जर्सी सिटीच्या अकराव्या मजल्यावर पुन्हा सुरू झाला.

“आलं काय?”

“आलं, आलं... गेलं.”

“आता?”

“जरा डावीकडे. माझ्या डावीकडे!”

“मुंग्या दिसत्यात काय?”

डिजिटल प्रसारणात मुंग्या नसतात, हे त्यांना पटेना. चित्र एक तर लख्ख येतं, नाहीतर खेळाडूचं तोंड चौकोनाचौकोनांत विखरून थिजतं. मुंग्यांवरून अंदाज घेत घेत सूर लावायचा तर मधलं काही उरलेलंच नाही. “ह्यात कसब काय ऱ्हायलं?” असं म्हणत अण्णांनी पडद्याच्या दांडीला अँटेना टाचला आणि न्यूयॉर्कचं पाच नंबरचं चॅनल उमटलं. फॉक्स. फुकट.

संसार पूर्ण झाला नव्हता, कारण फॉक्स हवेत असलं तरी एफएस वन हवेत नसतं, आणि बरेचसे सामने तिकडेच होते. युरोचे काही गटसामने तर फॉक्सने तिसऱ्याच एका ॲपला देऊन टाकले होते. म्हणजे हक्क विकत घेणाऱ्याने त्यातला तुकडा पुढे विकायचा. पण अण्णा तोवर रिमोट घेऊन पुढच्या नंबरांवर गेले होते. ४१ वर युनिव्हिजन. ६८ वर युनिमास. तिथे तीच युरो, तीच कोपा, फक्त स्पॅनिशमध्ये.

या स्पॅनिश चॅनलांना कमी लेखू नये. २०११ मध्ये फिफाने २०१८ आणि २०२२ च्या वर्ल्ड कपचे अमेरिकेतले हक्क विकले तेव्हा इंग्रजीसाठी फॉक्सने सुमारे चाळीस कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, आणि स्पॅनिशसाठी टेलिमुंडोने सुमारे साठ कोटी. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या देशात इंग्रजीपेक्षा स्पॅनिश महाग! कारण सरळ आहे. इंग्रजीवाल्याला फुटबॉल विकावा लागतो, स्पॅनिशवाला तो मागायला येतो. १९९० चा वर्ल्ड कप इथे टीएनटी या केबल चॅनलवर होता आणि खेळ चालू असताना मध्येच जाहिराती लागत. पंचेचाळीस मिनिटं सलग चालणारी गोष्ट चॅनलवाल्यांना सहनच होईना. १९९४ मध्ये स्पर्धा स्वतःच्या अंगणात आल्यावर जाहिराती न घालता, कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी प्रायोजकाचं चिन्ह चिकटवून भागवलं. स्पॅनिशमध्ये मात्र त्याच काळात समालोचक आंद्रेस कँटोर एकेका गोलची आरोळी छाती फुटेपर्यंत ताणून ऐकवत होता.

फॉक्सची तर एकदा फारच फजिती झाली. १० ऑक्टोबर २०१७ ला अमेरिकेचा संघ त्रिनिदादमध्ये हरला आणि २०१८ च्या वर्ल्ड कपलाच मुकला. मांडव घातलेला, आचारी सांगितलेला, आणि नवरदेव म्हणतो मी येत नाही. ही गोष्ट अण्णांना सांगितली तर ते म्हणाले, “भारत कवा गेलाय रं? कोल्हापुरात कटआउट लागत्यातच की.” मुद्दा बिनतोड होता. २०२६ चे हक्क मात्र फॉक्स आणि टेलिमुंडोला लिलावाशिवाय मिळाले, फेब्रुवारी २०१५ मध्ये. कतारचा वर्ल्ड कप उन्हाळ्यातून नोव्हेंबर-डिसेंबरात सरकला, तिथे तो अमेरिकन फुटबॉलच्या ऐन हंगामात येऊन आदळला, त्याची ही भरपाई असं तेव्हा सगळेच म्हणत होते. एखाद्याची गैरसोय झाली म्हणून पुढचा अख्खा वर्ल्ड कप हातावर ठेवायचा! आमच्या केबल कंपनीने गैरसोयीबद्दल आजवर फक्त दिलगिरी दिलीय.

अण्णा स्पॅनिशमध्ये रमले. भाषेचं काही अडलं नाही. ऑफसाइड कळतो, कॉर्नर कळतो, आणि समालोचक रेफरीच्या घराण्यापर्यंत पोचला की तेही कळतं. सकाळी नऊ, दुपारी बारा, दुपारी तीन असे युरोचे सामने आणि संध्याकाळी कोपा. मी वर ऑफिसच्या मीटिंगमध्ये, खाली अण्णा आणि नातू “पेनाल्ती!” म्हणून ओरडतायत. एफएस वनसाठी मी एका ॲपची सात दिवसांची फुकट चाचणी घेतली. घेताना एक बटण होतं. सोडताना पाच पानं होती, आणि प्रत्येक पानावर, “खरंच जाताय?” शेवटच्या पानावर त्यांनी निम्म्या दरात थांबायची गळ घातली. लग्नात सासूबाईंनीही मला एवढा आग्रह केला नव्हता.

अँटेनाचा एक फायदा मात्र मला माहीत नव्हता. हवेतलं चित्र ताजं येतं. ॲपवरचं अर्धं-पाऊण मिनिट मागे असतं, कधी त्याहून जास्त. शेजारी एक कोलंबियन कुटुंब राहतं, ते सगळं ॲपवर बघायचं. महिनाभर आमच्या भिंतीतून गोल आधी जायचा आणि मग त्यांच्या टीव्हीवर व्हायचा. तक्रार कधी केली नाही, भले लोक. पण फायनलला समोरासमोर आले अर्जेंटिना आणि कोलंबिया. कोलंबिया २८ सामने हरलेली नव्हती.

मायामीत गेटवर गर्दी उसळली आणि मॅच सव्वा तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. मध्यंतरात शकीराचा कार्यक्रम, तो आणखी लांबला. मेस्सी घोटा सुजून बाहेर गेला आणि बाकावर बसून रडला, तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला आणि आपण काही केलंच नाही असं दाखवलं. बाराच्या सुमाराला, ११२ व्या मिनिटाला, लाउतारो मार्तिनेसने मारला. अण्णांनी जी आरोळी ठोकली ती शाहू स्टेडियमच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचली असती. बायको आतून धावत आली, पोरगं उठून बसलं.

भिंतीपलीकडे अजून शून्य-शून्य होतं. त्या बिचाऱ्यांना आपण हरणार हे कळलेलं, आणि आता ते डोळ्यांनी बघायची वेळ यायची होती. मी अण्णांना “हळू” म्हणेपर्यंत पलीकडे काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारी भेटला. मी मान खाली घालून अकरा ते शून्य आकडे मोजत होतो. तोच म्हणाला, “चांगले खेळलात.” जणू सेंटर फॉरवर्डला अण्णाच होते. मग जरा थांबून हळूच विचारलं, “तुमच्याकडे कुठलं ॲप आहे?”

मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, हवेत हाताने एक चौकोन काढला, खिडकी दाखवली आणि मला म्हणाले, “त्याला सांग, मी गुरुवारपतुर हाय. येऊन लावून देतो म्हणावं. स्टूल आहे काय इचार.”