‘जुन्याला चिकटून बसलेले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कुस्ती मैदानाच्या लाइव्हबद्दल मी जो लेख लिहिला त्याखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो, मी लिहिलं होतं की यात्रेतलं मैदान, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गावातलं साहित्य संमेलन असल्या कामाला मी अजून विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आणि त्यावरची व्हीमिक्स या लाइव्ह मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्तीच नेतो, नवीन काही बसवायचं तर सीझन संपल्यावर बसवा. त्यावर तुम्ही लिहिलंय, “काका, तुमच्यासारखी माणसं जुन्याला चिकटून बसतात कारण नवीन शिकायची तयारी नसते. विंडोज ७ चा सपोर्ट कधीच बंद झालाय, ते नेटला लावणं धोक्याचं आहे. ओबीएस फुकट आहे, एनडीआय आहे, एसआरटी आहे. असलं वाचून बेळगावची पोरं मागंच राहणार.” (ओबीएस म्हणजे लाइव्ह मिक्सिंगचंच दुसरं सॉफ्टवेअर, एनडीआय म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरनं मिक्सिंगपर्यंत आणायची पद्धत, एसआरटी म्हणजे ते इंटरनेटवरनं लांब पाठवायची पद्धत.)

काका म्हणालात, म्हणा, वयानं असेनही. पण काका म्हणून लगेच पुढच्या वाक्यात “शिकायची तयारी नसते” हे तुम्ही कशावरून लिहिलंत? मला कधी भेटलाय? माझं काम बघितलंय? सॉफ्टवेअरबद्दल बोला, हजार चुका काढा, पण माणसाबद्दल असं बोलायची ही कुठली पद्धत.

मी शहापुरात लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली, व्हीएचएसवर. दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग करायचं, पॅनासोनिकचा एमएक्स-५० मिक्सर भाड्यानं आणायचा आणि मांडवाच्या मागं बसून दोन कॅमेरे कट करायचे, एक कट चुकला की कॅसेटवर कायमचा राहिला. मग मिनी डीव्ही आलं, फायरवायर केबलनं कॉम्प्युटरवर कॅप्चर आलं, प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकलो. शिकवायला कोण होतं इथं? हेल्प सगळी इंग्रजीत आणि माझी शाळा मराठी, रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक मेनू वाचलाय मी. मग एचडी आलं, कॅमेऱ्याचं चित्र लांब न्यायची एसडीआय केबल आली, केबलवाल्याला फीड द्यायचं ते यूट्यूबला द्यायला लागलो, दरवेळी पहिलं सगळं मोडून पुन्हा शिकलोय. ज्या माणसानं धंद्यात टिकायला इतक्यांदा पाटी पुसली त्याला तुम्ही एका ओळीत शिकायची तयारी नाही म्हणून मोकळे होता, हे मला लागलं आणि ते लपवत नाही.

आता नवीन आवृत्ती लगेच का घेत नाही ते सांगतो. तुमच्याच ओबीएसचं घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची २८ वी आवृत्ती आली, आतलं क्यूटी (खिडक्या-बटणं ज्यावर उभी असतात तो सांगाडा) बदललं, ३२ बिट गेलं, विंडोज ७ आणि ८ गेलं, आणि बाहेरच्या लोकांनी केलेली कितीतरी प्लगइनं, म्हणजे वरनं जोडायचे जादा भाग, पुन्हा नव्यानं बनवल्याशिवाय चालेनात. त्यांनी हे चुकीचं केलं असं माझं अजिबात म्हणणं नाही, कधीतरी करायलाच पाहिजे होतं. पण ज्यानं मैदानाच्या आदल्या रात्री अपडेटचं बटण दाबलं त्याला सकाळी त्याचं प्लगइन कोण आणून देणार होतं? स्टुडिओत बसणाऱ्याला उद्या परत रेकॉर्ड करता येतं, निकाली कुस्ती उद्या परत लागत नाही.

आणि हे मी ऐकून सांगत नाहीये. खानापूर तालुक्यात एका गावच्या यात्रेला मी उत्साहानं एका सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घेऊन गेलो होतो, कुठलं ते लिहीत नाही, लिहायची गरज पण नाही. घरी दोन दिवस मस्त चाललं. मैदानात कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या कॅप्चर कार्डाच्या ड्रायव्हरशी त्याचं जमेना, तासाभरानं एकेक कॅमेरा काळा पडायला लागला, आणि शेवटची मोठी जोड लागली, हलगी वाजतेय, पैलवानानं घिस्सा मारून पाडलं तेव्हा स्क्रीनवर काळी चौकट. कमिटीच्या माणसानं माईकवरनं माझं नाव घेऊन विचारलं. तेव्हापासून माझा नियम आहे, जे मशीन पूर्ण सीझन न मरता चाललंय त्याला सीझनभर हात लावायचा नाही. हा नियम भीतीतनं आलेला नाही, कामाची जबाबदारी घेतल्यातनं आलाय.

दुसरं, स्क्रीनवरच्या नावांच्या पट्ट्या. आमच्याकडं पैलवान निपाणी, चिकोडी, कोल्हापूर, धारवाड सगळीकडनं येतात, पट्टीवर वर मराठी खाली कन्नड लागतं. माझा सगळा जुना साठा श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे. असले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवून केलेले, त्यामुळं फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पैलवानाच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टर टाकून युनिकोड (कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी) होतं पण जोडाक्षरं आणि रफार एकेक डोळ्यानं तपासायला लागतात, माणसाच्या नावातला रफार पळाला तर त्याच्या घरचे फोन करतात आणि करायलाच पाहिजे. इथं मी स्पष्ट सांगतो की नवीनच चांगलं आहे. विंडोज ८ पासून निर्मला फॉन्ट येतो त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहे, एकाच पट्टीत दोन्ही लिपी नीट बसतात. मी पावसाळ्यात बसून हेच काम करतोय, नव्या मशीनवर. मग सांगा, हे शिकणं नाही तर काय आहे?

आणि बेळगावच्या पोरांची काळजी तुम्हाला असेल तर त्यांना हे सांगा की ओबीएस बसवल्या बसवल्या सेकंदाला ३० फ्रेमवर असतं. आपली वीज ५० हर्ट्झ, कॅमेरे २५ नाहीतर ५० ला लावतो, शटर १/५०. पंचवीसचा कॅमेरा तीसच्या प्रोजेक्टमध्ये घातला की मधल्या काही फ्रेम डबल होतात आणि कॅमेरा पॅन केला की चित्र अडखळतं. सेटिंगमध्ये जाऊन २५ करायचं एवढंच आहे, पण हे त्यांना कोण सांगतंय? नवीन सॉफ्टवेअर घ्या म्हणणारे तर कुणी सांगताना दिसत नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेतला, वर न दिलेला, एक मुद्दा मान्य. ओबीएसला बाहेरनं कंट्रोल करायला वेबसॉकेटचं वेगळं प्लगइन टाकावं लागतं असं मी लिहिलं होतं, ते २८ पासून आतच येतं. दुरुस्त केलंय.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे मला तारखेसकट माहीत आहे. तुम्ही ज्या विंडोज १० वर बसून लिहिलं असेल त्याचाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे तारखा बघून माणसाला जुना ठरवायचा तर कुणीच सुटत नाही. माझं मिक्सिंगचं मशीन नेटला लावलेलंच नसतं. त्यातनं एसडीआयनं आउटपुट वेगळ्या हार्डवेअर एन्कोडरला, म्हणजे चित्र नेटवर पाठवणाऱ्या डब्याला, जातं आणि नेट फक्त एन्कोडरला.

एनडीआय, एसआरटी यावर फार लिहीत नाही. एसआरटी उत्तम आहे, माझ्या एन्कोडरमध्येच आहे. फुल एनडीआयला एका एचडी कॅमेऱ्याला शंभर एमबीपीएसच्या वर लागतं, म्हणजे गिगाबिट वायर आणि चांगला स्विच, ते आखाड्याच्या कडेला लोकांच्या पायाखालनं ओढून बघा आणि मग सांगा. फुकटचा मुद्दा मी काढलाच नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणार पण नाही. फक्त पुढच्या वेळी लिहायच्या आधी लेख पूर्ण वाचा, एन्कोडर वेगळा ठेवायचं त्यात तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय.