रोबोकॉप हळू चालतो, आणि म्हणूनच तो गेम मला इतका आवडतो

परवा रात्री 'रोबोकॉप: रोग सिटी' हा 2023 चा शूटर गेम दुसऱ्यांदा पूर्ण केला आणि तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणारे, निवांत असाल तेव्हा वाचा.

या गेमचं नाव काढलं की समोरच्याची पहिली तक्रार ठरलेली असते, अगं पण तो किती हळू चालतो! उडी नाही, खाली बसणं नाही, आणि पळणं म्हणाल तर जरा भरभर चालणं एवढंच. एफपीएस (फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे हिरोच्याच नजरेतून दिसणारा गोळीबाराचा गेम) म्हटलं की सुसाट पळायचं, घसरत कव्हरच्या मागे जायचं, वळून हेडशॉट मारायचा, याची इतकी सवय झालीये लोकांना की पहिल्या तासात वैतागून गेम बंद करणारे मी स्वतः बघितलेत. आणि मला दर वेळी सांगावंसं वाटतं की बाबांनो, ते चालणं हीच तर त्या गेमची जान आहे, तेवढं काढून टाकलं तर उरेल काय?

सिनेमावरचे शूटर आजवर ढिगाने आले. चांगलेही आले, 'गोल्डनआय' तर 1997 चा, सिनेमानंतर तब्बल दोन वर्षांनी आला तरी लोक अजून त्याचं नाव काढतात. पण बहुतेकांमध्ये होतं असं की हिरोचं नाव असतं, त्याचे कपडे असतात, सिनेमाची ट्यून वाजते, आणि आत मात्र तोच नेहमीचा सैनिक जो इतर 50 गेममध्ये असतो. बंदूक धरलेले दोन हात दिसतात, ते कुणाचेही असू शकतात. मग सिनेमा कशाला घ्यायचा?

रोबोकॉपचं वेगळं आहे कारण मूळ सिनेमाच अर्धा फर्स्ट पर्सन आहे असं माझं ठाम मत आहे. 1987 चा पॉल व्हर्होवनचा सिनेमा आठवा. मर्फी नावाच्या पोलिसाला, ज्याचा पुढे रोबोकॉप होतो, गोळ्या घालतात, तो मरतो, पडदा काळा होतो, आणि मग एकदम खरखरीत व्हिडिओसारखं चित्र चालू होतं, आडव्या रेघा, आणि माणसं थेट आपल्याकडे वाकून बघतायत. म्हणजे आपणच टेबलावर पडलोय! एक हात वाचवता आला म्हणून डॉक्टर मंडळी खूश, आणि कंपनीचा साहेब म्हणतो तोही काढून टाका, हे सगळं आपल्या तोंडावर चाललंय आणि आपल्याला बोलता येत नाही. मग पार्टीत एक बाई पुढे येऊन सरळ काचेवरच ओठ टेकवते आणि लिपस्टिकचा डाग आपल्या नजरेसमोर राहतो. लहानपणी तो सीन बघताना पोटात कसंतरी व्हायचं, आजही होतं. बाहेरून तो रोबोकॉप कसा दिसतो ते आपल्याला त्याच्या नंतर कळतं, आधी आपण त्याच्या आत असतो. ज्या सिनेमाने हे केलं त्याचा गेम फर्स्ट पर्सन सोडून दुसरा काही व्हायलाच नको होता.

आणि ते चालणं. ते काही सूट जड होता म्हणून आपोआप आलेलं नाही, रोबोकॉप साकारणाऱ्या पीटर वेलरने मोनी याकिम नावाच्या मूकाभिनय शिकवणाऱ्या माणसाकडून ते शिकून घेतलं होतं. आधी डोकं वळतं, मग खांदे, मग बाकीचं अंग. एका नटाने घाम गाळून कमावलेली गोष्ट आहे ती. तुम्ही बटण दाबता आणि धप्प, धप्प असा पाय पडतो तेव्हा ते सगळं तुमच्या बोटात आलेलं असतं. आवाजही वेलरचाच आहे, 1987 चा माणूस 2023 मध्ये परत त्याच भूमिकेत बोलतोय, आवाज वयाने जड झालाय आणि मर्फीला तो फार शोभतो.

आता खेळायला कसं वाटतं ते सांगते. सुरुवातीलाच टीव्ही स्टेशनचं मिशन आहे, गुंडांनी माणसं ओलीस ठेवलीत. मी दारात आले आणि सवयीने लगेच भिंतीच्या आड व्हायला गेले, तर होताच येईना नीट! समोरून गोळ्या सुरू झाल्या, त्या चिलखतावर टण्ण टण्ण वाजून उडतायत आणि मी अजून उभी. मग नेम धरायचं बटण दाबलं, स्क्रीनवर हिरवी जाळी आली, माणसं उजळून दिसायला लागली, आणि ऑटो-9 या रोबोकॉपच्या पिस्तुलाने एकेकाला टिपत सरळ पुढे चालत गेले. गोळ्या संपायची भीती नाही, त्या पिस्तुलाचा साठा संपतच नाही. टेबलावरचा मॉनिटर उचलला आणि एकाच्या अंगावर फेकला. खोली शांत झाली तेव्हा लक्षात आलं की आपण एक पाऊलही मागे घेतलेलं नाही.

पण अमर वगैरे नाही हां. पुढे पुढे हेल्थ चांगलीच उतरते, आणि निसटता येत नसल्यामुळे आत जायच्या आधीच विचार करावा लागतो, ग्रेनेडवाला कुठे उभा आहे, वर कोण आहे, कुणाला पहिलं संपवायचं. पळता येतं तिथे चूक झाली की पळून सुटता. इथे चूक झाली की ती अंगावर घ्यायची. पॉइंट घालून झपकन पुढे सरकायची पॉवर मिळते मधे, दुसऱ्या वेळी मी ती घेतलीच नाही आणि गेम जास्त आवडला.

आणि या सगळ्यापेक्षा मला ती पोलीस चौकी आवडते. शूटर गेममध्ये तुम्हाला काउंटरला उभं करून लोकांच्या तक्रारी ऐकायला लावतात! रस्त्यावर चुकीच्या पार्किंगची पावती फाडायची, एखाद्याला दंड करायचा की समज देऊन सोडायचं ते तुम्ही ठरवायचं. मानसोपचाराच्या डॉक्टर बाई समोर बसवून विचारतात की तू स्वतःला माणूस समजतोस की यंत्र. पहिल्यांदा मी प्रत्येक उत्तर माणूस म्हणून दिलं. दुसऱ्यांदा एकदोन ठिकाणी खरंच थांबले, कारण नुकतीच 30 माणसं उडवून आले होते.

उणिवा आहेत, त्या लपवणार नाही. चेहरे ताठ आहेत, ओठ आणि बोलणं जुळत नाही, आणि शेवटाकडे खोलीमागून खोली नुसती गोळीबाराने भरून ठेवलीये, तिथे मी कंटाळले. पण हा बनवणारा पोलंडचा टेयॉन स्टुडिओ बघा. 2014 ला यांचाच रॅम्बोवरचा गेम आला होता, त्याला लोकांनी धू धू धुतलं. मग 2019 ला टर्मिनेटरवरचा आला, तो बराच बरा निघाला. आणि मग हा. जुन्या ॲक्शन सिनेमांवर इतकं प्रेम असलेली माणसं हळूहळू शिकत इथवर आली याचा मला मनापासून आनंद आहे.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. लुईस, मर्फीची जोडीदार, हॉस्पिटलमध्ये असते आणि तिच्यासाठी 'लवकर बरी हो' असं एक ग्रीटिंग कार्ड असतं, त्यावर चौकीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या असतात. बंदूक नाही, टायमर नाही, काही नाही. एवढा मोठा पोलादी माणूस हातात कार्ड घेऊन एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे चालत जातो, धप्प, धप्प, प्रत्येक जण मान वर करून बघतो आणि सही करतो. पळता आलं असतं तर मी ते दोन मिनिटांत उरकून मोकळी झाले असते.