थर्मोस्टॅट काढू नका, आधी ताप कुठून येतोय ते शोधा

जुन्या गाड्या घरी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक मेसेज परत परत फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेल. त्यात म्हटलंय की जुनी गाडी साधी असते, तिला मीटर-बीटर लावून तपासायची काही गरज नाही, एवढ्या गोष्टी करा आणि निवांत राहा: थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी घाला, ऑइल मिळेल तेवढं जाड घाला, सायलेन्सर मोकळा करा, हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब बसवा आणि स्प्रिंग कापून गाडी खाली घ्या. वर शेवटी एक वाक्य, की पत्रा जाड असतो त्यामुळे अपघाताची भीती नाही. मी बरीच वर्षं सुट्टीचा दिवस गाडीखाली काढतो, आणि नवीन शिकणारी पोरं हे वाचून खरंच पाना हातात घेतात हे बघितल्यावर गप्प बसवत नाही.

आधी थर्मोस्टॅट, कारण हा सल्ला फसवा आहे, पाळल्यावर पहिले काही दिवस खरंच बरं वाटतं, तापमानाचा काटा खाली येतो. आत काय होतं ते बघा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह, त्यात मेण भरलेली छोटी डबी असते, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला ते मेण वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जातच नाही म्हणून इंजिन पटकन तापतं. तो काढला की इंजिन बराच वेळ कोमटच राहतं, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर थेंब होऊन बसतं आणि तिथला ऑइलचा थर धुऊन पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जळताना जे पाणी तयार होतं ते वाफ होऊन निघून जावं इतकं ऑइल तापत नाही, मग फिलर कॅपच्या खाली तो पिवळट फेस दिसायला लागतो आणि माणूस हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं म्हणून घाबरतो.

आणि काही इंजिनांत तर नेमकं उलटं होतं. तिथे थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला अजून एक चकती असते, व्हॉल्व्ह उघडला की ती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. थर्मोस्टॅट नाही म्हणजे बायपास कायम उघडा, गरम पाण्यातला बराचसा भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. माझ्याकडे आलेली एक गाडी चढावर तापायची, मी रेडिएटर साफ केला, बेल्ट बदलला, टायमिंग दोनदा बघितलं, आणि शेवटी हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता, आधीच्या मालकाने असाच कुठलातरी सल्ला ऐकून काढलेला. नवीन बसवला आणि चढ शांतपणे चढली.

गाडी तापत असेल तर कारण शोधा ना. नळ्या क्षाराने बंद झाल्यात, फॅनबेल्ट ढिला आहे, इग्निशन टायमिंग मागे पडलंय, मिक्श्चर लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नाहीतर रेडिएटरची प्रेशर कॅप दाब धरत नाहीये. कॅपकडे कोणी बघत नाही पण दर १ पीएसआय दाबाला पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड डिग्रीने वर जातो, म्हणजे १३ पीएसआयची कॅप सैल झाली की जवळजवळ २० डिग्रीचा आधार गेला. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो पाण्याच्या भांड्यात टांगा, भांडं तापवा, सोबत थर्मामीटर ठेवा, कितीला उघडतोय ते डोळ्यांनी दिसतं.

साध्या पाण्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नुसतं पाणी उष्णता कूलंटपेक्षा जास्त चांगली वाहून नेतं हे मान्य. पण कास्ट आयर्नचा ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, पितळ-तांब्याचा रेडिएटर आणि मध्ये क्षाराचं पाणी, म्हणजे गंजायची पूर्ण सोय आपणच करून दिली. कूलंटमध्ये गंज थांबवणारी रसायनं असतात, मुख्य काम ती करतात. फक्त जुन्या, डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) रेडिएटरला कुठल्याही रंगाचं नवीन कूलंट चालेलच असं नाही, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचंच घाला आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा.

ऑइलचं पण तसंच. जाड ऑइल घातलं की प्रेशरचा काटा वर येतो आणि आपल्याला वाटतं इंजिन सुधारलं, पण गेज फक्त ऑइलला किती अडथळा होतोय ते सांगतं, बेअरिंगपर्यंत किती पोचलं ते नाही. थंड इंजिन सुरू करताना जाड ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोचतं आणि झीज त्याच वेळी जास्त होते. प्रेशर कमी दिसतंय तर आधी वेगळं मेकॅनिकल गेज लावून सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा सेन्सर) तर खोटं बोलत नाही ना ते बघा, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बघा, मग बेअरिंगकडे वळा. मेसेजवाल्यांनी खरं जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही, ते म्हणजे जस्त आणि फॉस्फरस. जुन्या इंजिनांत कॅमवर सपाट टॅपेट (कॅमची ढकल व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे) घासत चालतात, त्यांना वाचवतं ते ऑइलमधलं झेडडीडीपी, म्हणजे याच दोघांचं संयुग. २००४ मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेचा ऑइलसाठीचा एसएम दर्जा आला तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून १० डब्ल्यू ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली. जाड २० डब्ल्यू ५० ला ती मर्यादा लागू नव्हती. म्हणजे जाड ऑइलवर कोणाचा जुना कॅम टिकला असेल तर श्रेय कदाचित जाडीचं नसेलच. मॅन्युअलमधला ग्रेड आणि डब्यावर झेडडीडीपी, हे दोन बघून घ्या.

सायलेन्सरबद्दल फार बोलत नाही, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं होत नाही. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) आधीच्या सायलेन्सरच्या हिशोबाने बसवलेले असतात, एक्झॉस्ट एकदम मोकळा केला तर मिक्श्चर लीन होऊ शकतं. करायचंच असेल तर करा, पण सोबत एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावा आणि फुल लोडवर साडेबारा-तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण येईपर्यंत जेट बदलत राहा. नाहीतर पिस्टन भाजून घ्याल.

हेडलाइटवर मात्र मला बोलायचंच आहे कारण इथे आग लागू शकते. बऱ्याच जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) नसतोच. नेहमीचा एच४ हॅलोजन बल्ब हाय बीमला ६० वॉटचा, दोन मिळून १२ व्होल्टला १० अँपिअर. तिथे १०० वॉटचे लावले की तेच जवळपास १७ अँपिअर होतात, त्याच बारीक चाळीस वर्षं जुन्या वायरमधून आणि त्याच झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून. स्विच वितळतो, होल्डर काळा पडतो, आणि एवढं करून उजेड अपेक्षेएवढा वाढतही नाही कारण जास्त करंट म्हणजे वाटेत जास्त व्होल्टेज खाल्लं जाणार. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, सोप्या भाषेत, बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर उजेड ३० टक्के कमी. म्हणून आधी मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीवर किती आणि बल्बच्या पिनवर किती ते मोजा. दीड-दोन व्होल्टचा फरक निघाला तर दोष बल्बचा नाहीये. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर घ्या, हाय आणि लो बीमला वेगळे रिले द्या, जुन्या स्विचने फक्त रिले चालवा, अर्थिंगची जागा पत्र्यापर्यंत घासून घ्या. मी हे केलं तेव्हा त्याच ६०/५५ च्या बल्बने रस्ता असा दिसायला लागला की बाकी काही बदलायची इच्छाच राहिली नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

स्प्रिंग कापायची गोष्ट. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, आणि प्रवास कमी झाल्यामुळे गाडी सारखी बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) आपटते. जॅकवर चढवल्यावर किंवा खड्ड्यात चाक लोंबल्यावर आखूड स्प्रिंग तिच्या बैठकीतून निसटू शकते. गॅसने कापली असेल तर त्या ठिकाणचं टेम्परही (पोलादाला दिलेला चिवटपणा) गेलं. गाडी खाली घ्यायची हौस मला समजते, छानच दिसते, पण त्यासाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि जोडीचे शॉकअब्सॉर्बर घ्या आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या.

राहिला जाड पत्रा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आदळवली. भारदस्त बेल एअरची केबिनच चेपली, त्यातला ड्रायव्हर जगला नसता असा निष्कर्ष निघाला, मालिबूतल्याला पायाला किरकोळ दुखापत. केबिनच्या पुढचा-मागचा भाग चेपून धक्का झेलत नसेल तर तो माणसाला बसतो, म्हणून तर मर्सिडीजच्या बेला बारेनी यांनी तो भाग मुद्दाम चुरडणारा ठेवायची कल्पना मांडली. आपल्या गाडीत तो भाग आपण बसवू शकत नाही, पण अपघातच टळावा यासाठी बरंच करता येतं. सिंगल सर्किट ब्रेक असेल (चारही चाकांना एकच लाइन) तर जुळणारा, दोन वेगळ्या लाइनचा ड्युअल मास्टर सिलिंडर मिळतो का बघा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं, डॉट ३ दर्जाचं फ्लुइड नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळायला हवं आणि पाणी धरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० वर येते, म्हणून दोन वर्षांनी बदला. आणि एकच काम करायला वेळ असेल तर रबरी ब्रेक होस बदला, बाहेरून धड दिसणारे होस आतून सुजून बंद झालेले असतात, आणि पेडल सोडलं तरी चाक धरूनच ठेवतात.