झुरळ गावलां काय?

आमच्या घराला आधी खिडक्या होत्या. आता विंडो आहे.

मालवणच्या अलीकडचं आमचं वाडवडिलांचं घर. चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, पुढे-मागे पडवी आणि खिडक्या एवढ्याशा, की उन्हालासुद्धा वाकून आत यावं लागायचं. दोन वर्षांपूर्वी मुलगा पुण्याहून आला, त्याने पश्चिमेची पडवी पाडली आणि भिंतीत सहा बाय चारच्या दोन सरकत्या काचा बसवल्या. "बाबा, सी व्ह्यू!" समुद्र दिसतो, खोटं कशाला बोला. दोन माडांच्या मधून, पोस्टाच्या तिकिटाएवढा. ऊन मात्र अख्खं दिसतं. साडेतीनला ते सोफ्यावर येऊन बसतं आणि दिवेलागणीपर्यंत हलत नाही. मरून रंगाचा सोफा एका अंगाने विटकरी झाला. टीव्हीचा रिमोट एवढा तापायचा की चॅनल बदलायला रुमाल घ्यावा लागे.

पडदा लावला तर वारा बंद आणि आईचा रस्ताही बंद. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. त्या खिडकीतून पाखाडी दिसते, आणि पाखाडीवरून कोण गेलं, कोणाबरोबर गेलं आणि पिशवीत काय होतं, हा तिचा रोजचा पेपर. शेजारचे आबा म्हणाले, "भायरसून दोन झाप बांध, काम झालां." सी व्ह्यूवर माडाचे झाप! मी नुसता हसलो.

मग कोणीतरी काचेला चिकटवायच्या फिल्मचं सुचवलं आणि मी कुडाळला गेलो. दुकान मुळात गाड्यांच्या सजावटीचं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या, पण घराच्या काचेला तसली आडकाठी नाही, म्हणून मालक घरांकडे वळलेला. मालक म्हणजे माझाच विद्यार्थी निघाला. नववीत शेकडेवारीत नापास झालेला.

"गुरुजी, किती टक्के देऊ?"

"वीस दे," मी म्हटलं. म्हणजे थोडंसं ऊन अडेल, असा हिशोब.

"वीस म्हणजे भुयार होईल, गुरुजी. वीस टक्के उजेड आत येतो, अडत नाही."

आकडा जितका लहान तितका काळोख जास्त. शिवाय साधी काच स्वतःच दहा-बारा टक्के उजेड खाते, तेव्हा पस्तीसची फिल्म लावली की आत येतो तो साधारण एकतीस. पस्तीस गुणिले अठ्ठ्याऐंशी भागिले शंभर, त्याने तोंडी केलं. नववीत हे का जमलं नाही, असं विचारणार होतो, पण शिकवलं कोणी हा प्रश्न पुढे आला असता.

टेबलावर एक खोकं होतं. आत तांबडा दिवा, पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसला, आणि पुढे काचेचे तुकडे. "हात धरा." साध्या काचेमागे हात चटकला. फिल्मच्या काचेमागे नुसता कोमट. मी खूश. मग डोक्यात आलं, उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, उरलेली बहुतेक उजेडातच. ह्या दिव्यात मात्र जवळजवळ सगळी धगच. म्हणजे परीक्षेला फक्त पाठ असलेलेच प्रश्न आले होते. मी हे बोललो. पोरगा म्हणाला, "चहा घेणार का, गुरुजी?"

चहाबरोबर फिल्मच्या जाती कळल्या. नुसत्या रंगाची स्वस्त, पण उन्हाने ती जांभळट पडते. धातूच्या थराची चकचकीत, आरशासारखी, ऊन आल्या वाटेने परत पाठवते. पण खाऱ्या हवेत कडेने गंजू शकते आणि मोबाइलची रेंजही थोडीफार अडवते. सिरॅमिकला ह्यातलं काही नाही, तिला फक्त भाव आहे. तो ऐकून मी दुसरा चहा घेतला. "काच तारेची, आत जाळी घातलेली, नाही ना?" त्याने विचारलं. गडद फिल्मने काच मधे तापते, चौकटीतली कड गार राहते आणि त्या ओढाताणीत काच तडकू शकते म्हणे. घरात सासू-सुनेमधे माझं हेच होतं, पण ते त्याला सांगितलं नाही.

नमुने घरी आणून काचेला चिकटपट्टीने लावले. हिचं मत, "अहो, समुद्र निळाच दिसला पाहिजे. ह्या तपकिरीतून तो चहासारखा दिसतोय." आईचं मत, "माका सगळे दिसाक व्हये, मी कोणाक दिसाक नको." माझं मत घरात कोणी विचारलं नाही, पण होतं: स्वस्त. त्यातून रेंजची भानगड. आमच्या घरात रेंज एकाच जागी येते, ह्याच खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, तेही स्टुलावर चढलं तर. शेवटी ठरलं आईच्या मनासारखं, म्हणजे आरशाची, आणि कोपऱ्यात वीतभर काच मुलाच्या फोनसाठी मोकळी.

लावायला आलेल्या मुलाने बेबी शाम्पूचं पाणी फवारलं, फिल्म पसरली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी निपटत नेलं. सगळं शांतपणे, तिन्हीसांजेच्या पूजेसारखं. "दुधाळ ठिपके दिसतील, महिनाभरात सुकतील," म्हणाला. सुकत असतील पुण्यात. आमच्याकडे मे महिन्यात डब्यातलं मीठ पाझरतं.

पहिले चार दिवस आईच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. बाहेरून नुसता आरसा! क्रिकेटची पोरं येऊन भांग पाडत. मासेवाली टोपली खाली ठेवून अबोलीचा वळेसर नीट करी. एका सभ्य गृहस्थाने काचेसमोर उभं राहून स्वतःचे दात तपासले, तेही एकेक करून. आई आत हातभर अंतरावर बसून सगळ्याला गुण देत होती.

पाचव्या दिवशी पहाटे टकटक सुरू झाली. दयाळ पक्षी. विणीच्या दिवसांत नर हद्दीसाठी भांडतो, आणि आमच्या काचेत त्याला अगदी त्याच्याच तोडीचा वैरी भेटलेला. तो चोच मारी, हाही मारी. तो शेपटी उभारी, हाही उभारी. उजाडल्यापासून बिचाऱ्याला ना दाणा ना पाणी, आम्हाला ना झोप. अखेर हिने जुनी सुती साडी बाहेरून काचेवर बांधली. दयाळ शांत झाला. आणि त्या दुपारी खोली पहिल्यांदा खरोखर गार राहिली, कारण ऊन काचेपर्यंत पोचलंच नाही. आबा कुंपणापाशी आले, साडीकडे पाहिलं, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि एक शब्द न बोलता गेले.

संध्याकाळी साडी वर गुंडाळायची, असं ठरलं. त्याच रात्री दिवाणखान्यात झुरळ निघालं. हातात चप्पल, अंगात गंजीफ्रॉक, आणि मी सोफ्यावरून टीपॉयवर, टीपॉयवरून पुन्हा सोफ्यावर. सकाळी पाखाडीवर पोरांचा घोळका उभा.

"गुरुजी, झुरळ गावलां काय?"

कुडाळला फोन लावला, स्टुलावर चढून. "आरसा जिथे उजेड जास्त त्या बाजूचा, गुरुजी. रात्री आत दिवा लागला की तुम्हाला आत आरसा आणि लोकांना बाहेरून काच. रात्री पडदा ओढायचा." एवढे पैसे देऊन आम्ही पडद्यावर आलो. हिने तो त्याच संध्याकाळी शिवला. पोरं मोकळ्या सोडलेल्या वीतभर कोपऱ्यातून बघू लागली.

मग जून लागला. आभाळ भरून आलं ते भरलेलंच राहिलं. साडीला बुरशी धरली म्हणून ती काढली. दयाळाचाही राग निवला होता. बाहेर भर दुपारी काळोख, आत सकाळपासून दिवे. म्हणजे रात्रीचं गणित आता दिवसभर. पडदा ओढावा तर आतला काळोख आणखी वाढतो, आणि आईचा पेपर बंद पडतो. तिने साफ सांगितलं, पडदा उघडाच राहील. आता ती काचेला नाक लावून बाहेर बघायचा प्रयत्न करते, आणि पाखाडी आत बघते.

परवा धो धो पावसात काचेवर थाप पडली. मासेवाली. यांत्रिक बोटी १ जूनपासून बंद, म्हणून टोपलीत सुकट. छत्री मानेत धरून ती दिवाणखान्यातून, माजघराच्या दारातून, थेट स्वयंपाकघरापर्यंत बघत होती.

"वैनीनू," ती ओरडली, "दूध उतू जातां हा!"